रेणू चौगुलेचा चान्स

"पास का नापास, तेवढं एका शब्दात सांगा मॅडम. बाकीचं नंतर."

चौगुले अजून बसलेही नव्हते. त्यांनी खुर्ची मागे ओढली, मान आधी पूर्ण डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि गाडीत बसावं तसे ऐसपैस बसले. त्यांच्या मागोमाग त्यांची मुलगी आत आली. हातात सर्टिफिकिटांनी फुगलेली कापडी पिशवी. ती पिशवी तिनं टेबलावर ठेवली आणि जरा लांब सरकवली, जणू तिची नव्हेच.

"कशात पास?" मी विचारलं.

"तेच ते. तुमच्या त्या विज्ञानाच्या विद्यापीठात. मी मोटर ट्रेनिंग स्कूल चालवतो. माणूस सीटवर बसून क्लचवर पाय ठेवतो ना, तेवढ्यात मला कळतं, हा पहिल्या फटक्यात पास होणार का नाही. तसं तुम्हाला हिच्याकडं बघून कळत असेल की."

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी मूळची डोंबिवलीची. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायला कोल्हापूरला आले आणि तिथंच राहिले. राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर इनामदार सरांचं करिअर मार्गदर्शन केंद्र होतं, तिथं मला नोकरी लागली होती. दिवसभर खालून खारीचा वास येत असे आणि वर आम्ही मुलांची भविष्यं भाजत असू. अकरावी-बारावीतली मुलं यायची, आणि देशातल्या-परदेशातल्या नावाजलेल्या विज्ञान विद्यापीठांत त्यांना प्रवेश मिळण्याची शक्यता किती, ते मी काढून द्यायची. इनामदार सरांनी त्यासाठी तीन रंग ठरवले होते. हिरवा, पिवळा आणि लाल.

"लाल द्यायचा नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लाल दिला की पालक उठून जातात. हिरवा दिला की पुढच्या वर्षी भांडायला येतात. पिवळा द्या. पिवळ्यावर कोणी भांडत नाही."

चौगुल्यांच्या मुलीचं नाव रेणुका. मी तिला काहीही विचारलं की उत्तर वडील देत होते. आवडता विषय? "फिजिक्स." किती वेळ अभ्यास करतेस? "उठवलं तरी उठत नाही टेबलावरनं." आणखी काय आवडतं? चौगुल्यांनी पिशवीत हात घातला. चित्रकलेची ग्रेड परीक्षा, लेझीम, धावणे, रांगोळी, हस्ताक्षर. ऑलिंपियाडच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाऊन आल्याचं पत्र त्या ढिगात सगळ्यात खाली होतं.

"चौगुले," मी म्हटलं, "आता थोडा वेळ तुम्ही बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"रेणुका, अलीकडे तू असं काय पाहिलंस, ज्याचं उत्तर तुला पुस्तकात मिळालं नाही?"

चौगुल्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"ट्रॅफिक," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पप्पांच्या गाडीत मागं बसते ना रोज. शिकणाऱ्यांच्या वेळेला. पुढं एखादी गाडी उगीच ब्रेक मारते. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. पहिली गाडी निघून पण जाते. पण थांबणं तसंच मागं मागं जात राहतं. मी दाभोळकर कॉर्नरजवळच्या एका गच्चीवरनं बघत बसले होते. खाली अडवणारं कोणीच नव्हतं, तरी गाड्या एका ठिकाणी थांबायच्या आणि परत सुटायच्या. आणि ती थांबायची जागा हळूहळू मागं सरकायची. गाड्या पुढं चालल्या होत्या आणि जाम उलटा चालला होता." बोलता बोलता ती खुर्चीच्या कडेला आली होती. "मग मी कॉम्प्युटरवर गोल रस्ता केला. गाड्या सोडल्या. एकीला जरा हळू केलं. तसंच झालं."

मला खुर्चीत नीट बसवेना. मी तिला म्हटलं, अगं, यावर लोक संशोधन करतात, अशा लाटा असतात, त्याचं गणित आहे. तिचा चेहरा आधी पडला, कुणीतरी आपल्या आधी येऊन गेल्याचं कळल्यावर पडतो तसा. आणि मग एकदम फुलला.

"म्हणजे ते खरंच आहे?"

"खरंच आहे."

चौगुले आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "मला घरी कधी सांगितलं नाहीस ते," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला असता, गाड्या बघण्यापेक्षा पुस्तक बघ."

"तेही खरं."

मी त्यांना दोन आठवड्यांची मुदत मागितली. पाच विद्यापीठं निवडायची होती. शिष्यवृत्ती देणारीच हवी होती, त्यामुळे निवड कडक. निघताना चौगुल्यांनी विचारलं, "तुम्ही येता कशा इकडं?"

"रिक्षानं. गाडी येत नाही मला. भीती वाटते."

"असं काय करतायसा! तुम्ही माझ्या पोरीला बघा, मी तुम्हाला शिकवतो. उद्या सकाळी सातला खाली उभ्या राहा." माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघून ते म्हणाले, "पहिल्या फटक्यात पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पांढरी मारुती उभी होती. पाठीवर लाल रंगात मोठा 'शि', शिकाऊचा. चौगुले शेजारच्या सीटवर, त्यांच्या पायाशी ब्रेकचं आणि क्लचचं दुसरं पेडल. मागे रेणू, मांडीवर गणिताचं पुस्तक.

"तुला झोप येत नाही का?" मी तिला विचारलं.

"सवय आहे मॅडम."

तिची आई चंदगडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, शनिवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पहाटे जायची. घरात एरवी हे दोघंच. त्यामुळे मुलगी वडिलांबरोबर फिरते यात मला काही नवल वाटलं नाही. उलट मजा वाटायची. मी पहिल्या गिअरमध्ये गचके खात चाललेली, चौगुले "सावकाश, सावकाश, क्लच म्हणजे काय शत्रू नव्हे" म्हणतायत, आणि मागून पुस्तकातून डोकं न काढता रेणूचा आवाज:

"पप्पा, डावीकडं म्हैस."

"दिसली गं."

"पप्पा, डावीकडनं शाळेची पोरं."

"बघितली."

"पप्पा, रिक्षावाला आत घुसतोय."

"अगं, शिकवतोय कोण, तू का मी?"

मी हसायचे. ही मुलगी वाचते कधी, असाही प्रश्न पडायचा, पण पुस्तकाची पानं उलटत असायची खरी. आठवडाभरात मी तिसऱ्या गिअरपर्यंत पोचले. टेंबलाईच्या चढावर गाडी बंद पडली तरी रडू येईनासं झालं. चौगुले शिकवत फार छान. रागवायचे नाहीत. चूक झाली की म्हणायचे, "हे मी सुद्धा केलं होतं, आणि शेजारी इन्स्पेक्टर होता."

मग एका दुपारी रेणू एकटीच केंद्रात आली. कॉलेजची सॅक पाठीवर, घाम आलेला. मी तिच्याच फाइलवर काम करत होते.

"मॅडम, एक काम होतं."

"बस ना."

ती बसली नाही. "पप्पांना सांगाल का, की माझा चान्स नाही?"

"चान्स नाही म्हणजे? किती नाही?"

"अजिबात नाही. तो लाल असतो ना तुमचा, तो."

मला आधी वाटलं, घाबरली. खूप मुलं घाबरतात. मी तिला समजवायला लागले की इंग्रजीची काळजी करू नकोस, अर्जाबरोबरचा निबंध आपण मिळून लिहू. तिनं ऐकून घेतलं.

"ते नाही मॅडम. इथं सायन्स कॉलेज आहे की. मी इथंच बी.एस्सी. करीन. चांगलं करीन."

"पण तुला जायचंय की नाही?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. "ते वेगळं झालं."

"वेगळं कसं? तेच तर मुख्य."

"पप्पांना सवय नाही."

"कशाची?"

"मी नसायची." एवढं बोलून तिनं सॅकचा पट्टा वर ओढला. "मी आल्याचं त्यांना सांगू नका. प्लीज."

ती गेल्यावर मी बराच वेळ त्या वाक्यावर विचार केला, आणि मला ते गोड वाटलं. बापलेकीचं प्रेम. वाटलं, थोडं समजावलं की निघेल. ती येऊन गेल्याचं मात्र तिच्या वडिलांना सांगायचं नाही, असं ठरवलं.

त्याच आठवड्यात रेणूची प्रिलिम सुरू झाली. सकाळी गाडीत मागची सीट रिकामी होती.

"आज मोकळ्या रस्त्यानं जाऊ," चौगुले म्हणाले. नेहमीपेक्षा जरा गप्प होते. मान मात्र सारखी फिरवत होते, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मला वाटलं, माझ्यावर विश्वास बसत नाही.

राजारामपुरीतली एक गल्ली संपत आली होती. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते, आणि चौगुले म्हणाले, "रस्ता साफ आहे, घ्या, घ्या, वाढवा." मी ॲक्सिलरेटर दाबला. आणि डावीकडच्या बोळातून एक बाई सायकलवरून सरळ समोर आली. कॅरिअरवर दळणाचा डबा.

त्यांच्या पायाशी ब्रेक होता. तो दाबला गेला नाही. मी माझा दाबला, दोन्ही पायांनी, सगळं अंग टाकून. गाडी किंचाळून थांबली. बाई बाजूला उतरली, सायकल आडवी झाली, आणि डबा बॉनेटवर आपटून उघडला. समोरची काच पांढरीशुभ्र झाली. पुढचं काहीच दिसेना. नुसता आवाज आला.

"डोळं फुटलं का रं तुझं? पोरीला शिकवायला बसलायस आणि बघतोयस कुठं?"

आम्ही उतरलो. बाईला लागलेलं नव्हतं. जोंधळ्याचं पीठ रस्ताभर पसरलं होतं, कुत्रं येऊन हुंगत होतं. मी दहा वेळा माफी मागितली. बाई मला काहीच म्हणाली नाही. ती चौगुल्यांनाच बोलत राहिली, आणि एरवी पोलिसालाही दोन शब्द परत देणारा हा माणूस हात जोडून उभा होता. शेवटी त्यांनी शेजारच्या गिरणीतून तिला तेवढं पीठ घेऊन दिलं, सायकलचं हँडल सरळ करून दिलं. ती गेली.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो.

"तुम्ही ब्रेक का नाही मारलात?" मी विचारलं.

"मला ती दिसलीच नाही."

"समोर होती!"

"समोर आल्यावर दिसली. त्याच्या आधी तिथं काहीच नव्हतं." त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला, ठेवण्याआधी हातानं बाकाची कड चाचपून. "बाजूचं जातंय मॅडम. समोरचं लख्ख दिसतं. पेपर वाचतो, नंबरप्लेट वाचतो. पण कडेकडेनं पडदा ओढत आणल्यासारखं झालंय. डाव्या अंगाला जास्त."

"किती दिवस?"

"दोन वर्षं असेल. चष्म्याच्या दुकानात गेलो होतो, तो म्हणाला मोठ्या डॉक्टरला दाखवा. नाही दाखवलं. दाखवलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा गाडी काढून घेतली असती."

मला एकदम मागच्या सीटवरचा आवाज ऐकू आला. डावीकडं म्हैस. डावीकडनं शाळेची पोरं.

"रेणूला माहीत आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे म्हणून तर मागं बसते." ते हसले, पण नीट जमलं नाही. "अकरावीत गेल्यापासनं बसायला लागली. म्हणाली, घरी एकटीला कंटाळा येतो. तिला वाटतंय मला कळत नाही, ती कशासाठी बसते ते. मीही 'दिसली गं, बघितली गं' म्हणतो. कसं म्हणू, की पोरी, तू सांगतेस म्हणून मी शिकवतोय?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली ती नंतर. आधी राग आला, भयंकर.

"चौगुले, तुम्ही शिकाऊ लोकांना घेऊन रस्त्यावर उतरता! आज त्या बाईच्या जागी लहान मूल असतं तर? आणि ती पोरगी दोन वर्षं हे सगळं एकटी डोक्यावर घेऊन बसलीय, बारावीचा अभ्यास करत!"

"खरं आहे."

"आजपासून तुम्ही गाडीत त्या सीटवर बसायचं नाही. उद्यापासून नाही. आत्तापासून."

त्यांनी खिशातून फोन काढून शबाना मुजावरला लावला. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, शाळेची व्हॅन चालवायची. "शबाना, गिरणीजवळ गाडी उभी आहे, येऊन घेऊन जा. नाही, बिघडली नाही. मीच बिघडलोय जरा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "आता तुम्ही माझं एक ऐका. रेणूला सांगा, तिचा चान्स आहे. नुसता आहे असं नको. तगडा आहे म्हणा. नव्वद टक्के. म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. ती माझ्यापायी इथं अडकून बसेल, मला पोरगी ठाऊक आहे."

मी चहा संपवला. एकीला शून्य हवं होतं, दुसऱ्याला नव्वद. एकमेकांसाठीच हवं होतं, आणि एकाचं मी दुसऱ्याला सांगायचं नव्हतं.

दोन दिवस मी त्या फाइलशी झटले. इनामदार सर डोकावून गेले. "अजून होत नाही? पिवळा द्या आणि मोकळ्या व्हा."

"सर, यात रंगाचा प्रश्न नाहीये."

"सगळा रंगाचाच प्रश्न असतो," ते म्हणाले आणि खाली खारी आणायला गेले.

मला जे खरं वाटत होतं ते मी काढलं. गुण चांगले, फार चमकदार नाहीत. ऑलिंपियाड अर्धवट. इंग्रजी बेताचं. पण त्या उलट्या चालणाऱ्या जामाबद्दल कुणी तिला नीट विचारलं आणि तिला बोलू दिलं, तर काहीही होऊ शकेल. पाचांपैकी एका तरी ठिकाणी, शंभरात पंधरा. त्याहून जास्त म्हणायला माझ्याजवळ आधार नव्हता आणि कमी म्हणायला मन होत नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं आले. रिक्षानं आले, हे मी खिडकीतून पाहिलं. रेणू उतरून वडिलांच्या डाव्या बाजूला आली आणि जिन्यापर्यंत तशीच, बोलत बोलत, त्यांना न धरता त्यांच्या कडेनं चालत राहिली. बघणाऱ्याला वाटावं, सहज.

"सांगा मॅडम," चौगुले म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.

रेणूनंही पाहिलं. तितकंच अर्थपूर्ण.

"पंधरा टक्के," मी म्हणाले.

"पंधराच?" चौगुले.

"पंधरा?" रेणू. दोघांचा सूर अगदी वेगळा.

"हा आकडा फॉर्म भरले तर. न भरले तर शून्य, त्याला गणित लागत नाही. आणि रेणू फॉर्म भरणार की नाही हे माझ्या हिशेबात बसत नाही. ते मला सांगता यायचं नाही. तुम्हा दोघांना येईल." मी उठले. "मी खालून चहा सांगून येते."

"बसा मॅडम," चौगुले म्हणाले. "तुम्ही असलेल्या बऱ्या. आम्ही दोघंच असलो की आम्हाला हे बोलता येत नाही, दोन वर्षं झाली बघतोय."

मी बसले. त्यांनी खुर्ची रेणूकडे वळवली.

"म्हैस मला दिसत होती," ते म्हणाले.

रेणूनं मान वर केली.

"म्हैस मोठी असते गं. म्हैस दिसायची. पोरं दिसायची नाहीत. सायकली तर अजिबातच नाहीत. तू नसतीस तर मागच्या वर्षीच कुणाचा तरी जीव घेतला असता मी. परवा घेतलाच होता. मॅडमनी ब्रेक मारला म्हणून राहिलं."

"पप्पा... तुम्हाला माहीत होतं?"

"तू मागं का बसतेस ते? पहिल्या दिवसापासनं."

"मग मला बोलला का नाही?"

"तू तरी कुठं बोललीस? तुला कसं कळलं ते सांग आधी."

ती रडायला लागली होती आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. "ताटात डावीकडचं तसंच राहायचं तुमचं. कोशिंबीर, चटणी, लिंबू. आई रविवारी चिडायची, की आता जिभेचे चोचले सुरू झाले म्हणून. मी एक दिवस ताट फिरवून ठेवलं. मग तुम्ही कोशिंबीर खाल्ली आणि भाजी ठेवली."

"अरे देवा! मला वाटत होतं, तुझ्या आईनं मला चटणी वाढणंच बंद केलंय. रागावली असेल म्हणून मी विचारलं पण नाही!"

मला हसू आवरेना. मग तेही हसायला लागले, रेणूही. दारातून इनामदार सर खारीची बशी घेऊन आत आले, तिघांना डोळे पुसत हसताना पाहिलं, आणि मला हळूच विचारलं, "पिवळा दिलात ना?"

हसणं ओसरल्यावर रेणूनं ओढणीनं तोंड पुसलं. तिचा आवाज एकदम घट्ट झाला.

"मी फॉर्म भरते. पाचच्या पाच भरते. पण आधी मिरजेला जाऊन डोळे दाखवायचे. मी बरोबर येणार. आणि डॉक्टर जे म्हणतील ते."

"गाडी बंद करा म्हणतील."

"मग बंद करायची."

"स्कूल?"

"शबानाताई शिकवतील गाडीत. तुम्ही खुर्चीवर बसून खुणा शिकवा, नियम शिकवा. लोकांना नियम शिकवणारं हवंच आहे कुणीतरी."

चौगुल्यांनी तो विचार थोडा वेळ तोंडात घोळवला. "आणि तुझ्या आईला कोण सांगणार?"

"तुम्ही."

"अगं, तिच्यापुढं आरटीओचा इन्स्पेक्टर बरा!"

"आज संध्याकाळी येतेय ती," रेणू म्हणाली. "मी बाजूला बसेन. पण बोलायचं तुम्ही."

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. आई आधी रडली, मग दोघांना मिळून तासभर बोलली, आणि सोमवारी शाळेत न जाता तीही मिरजेला गेली. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढत वाढत कडेची नजर खाऊन गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते औषधानं सांभाळू. गाडी त्या दिवसापासून बंद. लायसन्सही त्यांनी स्वतः नेऊन परत दिलं.

रेणूनं पाचही फॉर्म भरले. निबंधात तिनं तो जाम लिहिला, आणि आपण मागच्या सीटवर का बसायचो तेही लिहिलं. मी तिला एका शब्दानं सुचवलं नव्हतं. परदेशातल्या तिघांनी नकार कळवला. चौथ्यानं प्रतीक्षा यादीत ठेवलं, ते अजूनही ठेवूनच आहे म्हणायला हरकत नाही. पाचवं देशातलं होतं. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. तिघा प्राध्यापकांनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि दोन तास सोडलंच नाही; एकानं म्हणे मध्येच उठून स्वतः खडू हातात घेतला आणि तिच्याशी भांडायला लागला. तिला घेतलं.

पंधरा टक्क्यांचा माझा अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे मला आजही सांगता येत नाही. इनामदार सरांनी मात्र पुढच्या जाहिरातीत 'आमचा अचूक अंदाज' म्हणून तिचा फोटो छापला. चौगुल्यांचा अंदाजही मी खोटा ठरवला. लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्या फटक्यात नापास झाले. दुसऱ्यांदा शबानानं पास करवलं. वर्षभरानं मी ती नोकरी सोडून एका शाळेत फिजिक्स शिकवायला लागले, अजून शिकवतेय. कुणी मूल बाहेर जायचं म्हणून विचारायला आलं की टक्के काढायच्या आधी मी विचारते, तू गेलास तर घरी कुणाचं काय अडेल? निम्मी मुलं खांदे उडवतात. उरलेली गप्प होतात, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

चौगुल्यांचा अधूनमधून फोन येतो. रेणू तिकडंच पुढं शिकतेय, डॉक्टरेट व्हायला आलीय. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा असाच सकाळी फोन आला. आवाज अगदी तरतरीत.

"मॅडम, आज एकटा रंकाळ्याला जाऊन आलो. काठी घेऊन. पांढरी काठी. घरात आणून सहा महिने झाले होते, हातात घ्यायला लाज वाटत होती."

"एकटे? घरी सांगून गेलात ना?"

"सगळ्यांना सांगून. रेणूला काल रात्रीच कळवलं. आता आमच्यात लपवाछपवी बंद."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. गल्लीच्या तोंडाशी दोनदा परत फिरलो." मला फोनमधूनही कळलं की ते हसतायत. "पण काय सांगू मॅडम! काठी बघितली की लोक आपणहून बाजूला होतात. तीस वर्षं हॉर्न वाजवला, एकदाही कोणी झालं नाही."